वीस न्यूटन वांगी

लाखनीच्या शाळेत मराठी शिकवायला रुजू झालो आणि पहिल्याच आठवड्यात बाजारात भाजी घ्यायला गेलो. माझ्यापुढे एक उंच, सडपातळ बाई उभ्या होत्या. अंगावर सुती साडी, पायात पोरांसारखे पांढरे बूट आणि खांद्याला एक जड झोळी. त्या भाजीवाल्याला खणखणीत आवाजात म्हणाल्या, "वीस न्यूटन वांगी द्या." भाजीवाल्याने मान वर न करता दोन किलो वांगी तोलून त्यांच्या पिशवीत टाकली. मला वाटलं, वांग्यांची इकडची एखादी जात असेल. मीही म्हणालो, "मलाही तीच न्यूटन वांगी द्या."

भाजीवाला हसला. "तुम्ही नवीन दिसता सर. तुमाले किलोनंच भेटल. न्यूटन फक्त मॅडमले."

मॅडम तोवर पुढे सरकल्या होत्या. गोणपाटावर भेंडी मांडून बसलेल्या एका म्हातारीपुढे त्या बसल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "आजी, एक किलो द्या." आता मात्र माझ्याच्याने राहवेना. मी जाऊन ओळख सांगितली आणि विचारलं की तिकडे न्यूटन आणि इकडे किलो, हा काय प्रकार आहे? बाईंचा चेहरा असा उजळला की जणू हा प्रश्न कुणी विचारावा म्हणून त्या कितीतरी दिवस बाजारात येत होत्या.

"त्याचा काटा डिजिटल आहे सर. पृथ्वी वांग्यांना किती जोराने ओढते, तेवढंच त्याला कळते. ओढ मोजायची तर न्यूटनमध्येच मोजली पाहिजे. आजीजवळ तराजू आहे. एका पारड्यात भेंडी, दुसऱ्यात लोखंड. पृथ्वी दोघांना सारखीच ओढते, म्हणून तिचं काही चालत नाही. मग जे उरते, ते म्हणजे भेंडी खरोखर किती आहे ते. ते किलोत!" एवढं बोलून त्यांनी आजीच्या तराजूच्या दांडीला अशा मायेने हात लावला की आजी म्हणाली, "हे बाई अशीच करते बाप्पा दर बाजारी."

आमच्या शाळेत त्या विज्ञान शिकवत. आता निवृत्त होऊन भंडाऱ्याला राहतात आणि तिथल्या भाजीवाल्यांना शिकवून तयार करत असतील, याची मला खात्री आहे. पोरं त्यांच्या माघारी त्यांना काटा मॅडम म्हणत. ते त्यांना ठाऊक होतं आणि त्यांना ते आवडायचंही.

त्या झोळीत दोन गोष्टी कायम असत. एक तानकाटा, म्हणजे वर कडी आणि खाली आकडा असलेला तो स्प्रिंगचा काटा, आणि एक भंडाऱ्याच्या कारागिराने ठोकलेला पितळी लोटा. लोट्यात त्या पाणी कधी पीत नसत. तो त्यांचा नमुना होता. बसस्टँडवर एसटीची वाट बघताना, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही त्या लोटा काट्याला अडकवून बघत. मी एकदा म्हणालो, "मॅडम, तो काल जेवढा होता तेवढाच आज असणार." तर म्हणाल्या, "लोटा तेवढाच आहे हो. पृथ्वी जागेवर आहे की नाही ते बघून राहिली मी."

स्टाफरूममध्ये 'वजन' हा शब्द जपून वापरावा लागे. एका शिक्षिकेने चहा पिता पिता, "दिवाळीत वजन वाढलं हो माझं," म्हटलं की झालंच. मॅडम वहीवरून डोकं काढून विचारत, "तुमचं वाढलं की पृथ्वीचं? वस्तुमान आपलं असते बाई, वजन पृथ्वीचं असते. चंद्रावर जा, साखर न सोडता वजन सहाव्या हिश्शावर येईल. पण हा दंड असाच राहील." आणि त्या बाईंचा दंड दाबून दाखवत. हे 'वस्तुमान आपलं, वजन पृथ्वीचं' त्या दिवसातून इतक्यांदा म्हणत की आमचा शिपाईसुद्धा बाकडी उचलताना तेच म्हणू लागला होता. मला तर त्यांनी फार छळलं. मी धड्यात 'जड अंतःकरणाने' शिकवत असलो की त्या वर्गावरून जाताना दारात थांबत आणि मुलांना विचारत, "किती ग्रॅम रे?" मुलं हसत, मी चिडत असे, आणि मनातून मला हसूही यायचं.

वर्गात त्या शिकवत नसत, पैजा लावत. एकदा त्यांनी विचारलं, "डबा हातात धरून काट्यावर उभं राहिलं अन् डबा खाऊन उभं राहिलं, तर आकडा कधी जास्त?" अख्खा वर्ग एका आवाजात ओरडला, "हातात!" एक पोट्टा उठून म्हणाला, "पोटात गेलं की जिरते ना मॅडम." मॅडमनी खूश होऊन टाळी दिली आणि शाळेचा डिजिटल काटा मागवला. त्या पोट्ट्याला डबा हातात घेऊन उभं केलं आणि आकडा फळ्यावर लिहिला. मग त्याला तिथेच बसवून भाजी, भात, शेवटचं शीत सगळं खायला लावलं. पुन्हा काट्यावर चढवला, रिकामा डबा हातात. आकडा तोच! पोरं बाकांवर चढली. तो पोट्टा दोन्ही हात पोटावर ठेवून घाबराघुबरा झाला होता. "मॅडम, म्हणजे हे आतून ओढून राहिली का पृथ्वी?" मॅडम फळ्यावर खडू आपटत म्हणाल्या, "हो रे राजा! आतून, बाहेरून, केसापासून नखापर्यंत! तिला डबा अन् पोट यातला फरकच कळत नाही!"

पण मॅडमचा खरा थाट पाहावा तो मंडईत. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. दुकानं, पाळणे, रात्रभर नाटक, पाहुण्यांनी भरलेली घरं. अशाच एका मंडईत मॅडमनी मला दुपारी हाताला धरून आकाशपाळण्याकडे नेलं. मला उंचीची भयंकर भीती. मी म्हणालो, "मॅडम, मी खालून बघतो." त्या म्हणाल्या, "खालून काय दिसणार? तुम्ही आकडे वाचायचे. मी लोटा धरते."

पाळणेवाला ओळखीचा असावा, कारण त्याने विचारलं, "मॅडम, जोरात सोडू का?" आणि त्या म्हणाल्या, "जमेल तेवढा!"

आता सांगायला लाज वाटत नाही, मी पहिल्या फेरीला डोळे मिटून आईला हाक मारली. मॅडमनी मला कोपराने ढोसलं. "सर, बघा! वर आलो, बघा!" मी एक डोळा उघडला. तानकाट्याला तोच लोटा लटकत होता, जो खाली जमिनीवर बरोबर एक किलो दाखवत होता. आता काटा पाऊण किलोच्या जवळ घसरला होता. मीही पाटावरून उचलला गेल्यासारखा झालो. मग पाळणा खाली आला, मी पाटावर दाबला गेलो आणि काटा किलो ओलांडून सव्वा किलोकडे! पुन्हा वर, पुन्हा हलका. मी भीती विसरलो. मी ओरडून आकडे वाचू लागलो, मॅडम ओरडून ते पुन्हा म्हणू लागल्या, आणि शेजारच्या पाळण्यातली नवी जोडपी आपलं सगळं सोडून आमच्या लोट्याकडे बघू लागली.

"आता हा लोटा आडवा हलवा," त्या म्हणाल्या. "वर असताना हलवा, खाली असताना हलवा. हाताला काही फरक वाटते का?" मी हलवला. खरंच, काटा काहीही म्हणो, लोट्याला इकडून तिकडे ढकलायला हाताला तेवढंच लागत होतं. "तेच ते वस्तुमान सर! काटा खालीवर झाला, लोटा नाही झाला!" आम्ही उतरलो तेव्हा मी लहान पोरासारखा हसत होतो. त्या दिवसापासून मी त्यांचा माणूस झालो.

म्हणूनच शाळेचा मुलींचा कबड्डी संघ जिल्ह्याच्या स्पर्धेला निघाला आणि सोबत एक शिक्षिका जायला हवी म्हणून मॅडमचं नाव लागलं, तेव्हा मीही हौसेने व्यवस्थापक म्हणून गेलो.

स्पर्धा एका क्रीडा मंडळाने भंडाऱ्यात भरवली होती. जिल्ह्यात जिंकलेला संघ पुढे नागपूरला विभागात जाणार होता. खेळायला एकच अट होती. प्रत्येक मुलगी पंचावन्न किलोच्या आत पाहिजे. आमच्या संघाची सगळी मदार होती दहावीतल्या एका पोरीवर. लाखनीजवळच्या खेड्यातली, शांत, रुंद खांद्यांची. पकडीला गेली की समोरच्या पोरीचा घोटा तिच्या हातातून सुटत नसे. तिचा बाप शेतकरी माणूस. त्याने घरी स्पष्ट सांगून टाकलं होतं, यंदा जिल्ह्यात खेळून काही करून दाखवलं तर ठीक, नाहीतर कबड्डी बंद. आम्हालाही त्याने तेच सांगितलं होतं. "हात-पाय मोडला तं लग्नाले कोन पायल सर तिच्याकडे?" माणूस वाईट नव्हता. घाबरलेला होता.

त्या पोरीचं वजन पंचावन्नच्या काठावर होतं. आमच्या जिल्ह्यात वजनाच्या वेळी कसं उभं राहायचं याचं एक शास्त्रच आहे आणि आमचे पीटीचे सर त्यातले मोठे जाणकार. श्वास सगळा सोडायचा, पोट आत ओढायचं, एक पाय उचलायचा आणि नजर आभाळाकडे ठेवायची. हे सगळे संघ करतात आणि सगळ्यांचा त्यावर विश्वास आहे. स्पर्धेआधी शाळेच्या मैदानावर सर पोरींकडून ते घोकून घेत होते तेव्हा मॅडम शाळेचा काटा घेऊन तिथे पोचल्या होत्या. त्यांनी सरांनाच त्यावर एका पायावर उभं केलं. "दोन पायांवर निम्मं निम्मं, एका पायावर अख्खं. बेरीज तीच. पृथ्वीला पाय मोजता येत नाही सर." सर म्हणाले, "तुमची पृथ्वी वेगळी, कबड्डीची वेगळी."

तर स्पर्धेची सकाळ. मंडपात सतरंजी अंथरलेली, सतरंजीवर पायाखालचा एक जुना स्प्रिंगचा काटा, तबकडीवर सुई फिरणारा. बाजूला गळ्यात शिट्टी अडकवलेले मंडळाचे अध्यक्ष. पोरी रांगेने एका पायावर चढून, आभाळ बघून उतरत होत्या. आमच्याआधी लाखांदूर तालुक्यातला संघ होता, त्यातल्या बऱ्याच पोरी दिघोरीच्या. त्यांची चढाईची मुख्य पोरगी, मोठ्या डोळ्यांची, काट्यावर चढली आणि सुई पंचावन्नच्या पुढे गेली. "बाद," अध्यक्ष म्हणाले. ती पोरगी मंडपाच्या कोपऱ्यात जाऊन ओढणीत तोंड खुपसून बसली. आमच्या पीटी सरांना आनंद लपवता येईना.

मग आमची चढली. सुई पंचावन्नच्या पुढे गेली.

पोरीने उतरून पुन्हा चढून पाहिलं. श्वास सोडून पाहिलं. पायातले पैंजण काढले, कानातलं काढलं. सुई हटेना. "बाद." तिचा बाप मंडपाच्या दोरीपाशी मोटारसायकल लावून उभा होता. त्याने घरी निघायच्या तयारीने हेल्मेट हँडलवरून काढून हातात घेतलं. पोरीने ते पाहिलं आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मॅडम तिच्याजवळ जाऊन म्हणाल्या, "रडून घे बेटा, तेवढं तरी कमी होईल." आणि साडीचा पदर खोचून त्या स्वतः त्या काट्यावर चढल्या.

सुई फिरून थांबली. मॅडम ओरडल्या, "मी इतकी नाही!"

मंडपात हशा पिकला. अध्यक्ष म्हणाले, "सगळ्या बाया असंच म्हणतात मॅडम."

"मी बाई म्हणून नाही सांगत, मोजून आली म्हणून सांगून राहिली! आमच्या गल्लीत राइस मिल आहे. मी दर महिन्याला तिथल्या तराजूत बसते. मी किती आहे ते मला माहीत आहे." मला माहीत होतं की हे अक्षरशः खरं आहे. मिलवाल्याने मला स्वतः सांगितलं होतं. "तुमच्या नियमात काय लिहिलंय साहेब?"

"पंचावन्न किलो."

"किलो! म्हणजे पोरगी किती आहे ते. हा डब्बा ते मोजतच नाही. पृथ्वी तिला किती खाली दाबते ते तो पाहते, अन् त्यावरून अंदाजाने किलो सांगते. स्प्रिंग थकली, त्यात डब्ब्याखाली सतरंजी, अंदाज चुकला. पोरीची काय चूक?"

"मंग मी काय करू?" अध्यक्ष आता वैतागले होते. "चंद्रावर नेऊ का तिले मोजाले?"

हा प्रश्न मॅडमना विचारायला नको होता. त्या आनंदाने जवळपास उडाल्याच. "न्या ना! चंद्रावर हा डब्बा तिला नऊ-साडेनऊ किलो दाखवेल, चालेल तुम्हाला? पण तिथे तराजू न्या, एका पारड्यात ही, दुसऱ्यात पंचावन्न किलो लोखंड. इथे जे दिसेल तेच तिथे दिसेल! मंगळावर न्या, तेच दिसेल! मला तराजू द्या साहेब. मोठा, दोन पारड्यांचा. त्यात ही भारी भरली तर मी स्वतः हिला घरी घेऊन जाते."

अध्यक्ष थोडा वेळ शिट्टी चावत राहिले. माणूस भला होता. मग म्हणाले, "आणा तराजू. पण मंग सगळ्यायचंच त्याच्यावर मोजावं लागन. जे बाद झाले त्यायचं बी."

पीटी सरांनी मॅडमच्या झोळीचा पट्टा धरून त्यांना बाजूला ओढलं. "मॅडम, आपल्या पोरीपुरतं बोला. त्या दिघोरीच्या पोट्टीले कायले आत आणता? ते आली तं आपण गेलो."

"का?" मॅडम एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की सगळ्या मंडपाने ऐकलं. "पृथ्वी काय आपल्या एकट्या शाळेची आहे?" आणि कोपऱ्याकडे हात करून त्यांनी हाक मारली, "ए बेटा, ओढणी बाजूला कर, इकडे ये. तुलापण मोजायचं आहे."

तराजू आणला तो पोरीच्या बापाने. कुणी सांगायच्या आत त्याने मोटारसायकलला किक मारली. तो ज्या व्यापाऱ्याकडे धान घालत असे, त्याच्या वखारीतून त्याने धानाची पोती तोलायचा जुना तराजू, साखळ्या, पारडी आणि शिक्का मारलेली लोखंडी वजनं ऑटोत घालून आणली. तीन बांबू बांधून त्यांना तराजू टांगला. मॅडमनी आधी रिकामी पारडी बघितली, दांडी सरळ आहे की नाही पाहिलं, मग म्हणाल्या, "चल बैस."

पोरगी पारड्यात उकिडवी बसली, गुडघे छातीशी, डोळे घट्ट मिटलेले. पारडं जमिनीला टेकलं. आता खेळायला आलेल्या सगळ्या संघांच्या पोरी तराजूभोवती गोळा झाल्या होत्या, ऑटोवाला ऑटो सोडून पुढे घुसला होता. बापाने एक विसाचं वजन उचलून दुसऱ्या पारड्यात ठेवलं. मग दुसरं. पोरीचं पारडं हललं नाही. मग दहाचं. नाही. "कोणी तराजूजवळ श्वास घेऊ नका!" मॅडम ओरडल्या. आता एकच पाचाचं वजन राहिलं होतं. बापाने ते दोन्ही हातांनी उचललं आणि जसं देवापुढे काही ठेवावं तसं हळूच ठेवलं.

दांडी थरथरली. काही क्षण काहीच झालं नाही. मग पोरीचं पारडं जमिनीवरून सुटलं. आधी एक बोटभर, मग विटेएवढं वर आलं आणि डुलत राहिलं. पोरगी डोळे मिटूनच विचारत होती, "मॅडम, काय झालं? सांगा ना, काय झालं?" आणि मॅडम नुसत्या टाळ्या वाजवत होत्या. मग एकदम सगळा मंडप ओरडला. मॅडमनी तेवढ्यातही बाजू बदलून, पोरीला उजव्या पारड्यात आणि लोखंड डाव्यात ठेवून पुन्हा खात्री केली. तेच!

मग दिघोरीची बसली. तिचं पारडं सुटायला जास्त वेळ लागला. सुटलं ते जेमतेम दोन बोटं. पण सुटलं! ती पोरगी पारड्यातून उतरून थेट मॅडमच्या गळ्यात पडली आणि आमच्या पीटी सरांनी कपाळाला हात लावला.

पुढे जे व्हायचं तेच झालं. संध्याकाळी अंतिम सामन्यात आमच्यापुढे दिघोरीच्या पोरीचाच संघ उभा. सामना एवढा रंगला की माझा आवाज बसला. शेवटच्या चढाईला आम्ही एका गुणाने पुढे होतो. आत आमच्या तीनच पोरी राहिल्या होत्या, त्यातली एक आमची ती. दिघोरीची चढाईला आली. तिने वाकून मारलेला हात हुकला, ती वळली, आणि मध्यरेषेकडे सुसाट निघाली. तेवढ्यात आमच्या पोरीने झेप घेऊन तिचा घोटा धरला. दुसरीने कंबर धरली. दोघी तिच्यामागे मातीत फरफटत निघाल्या.

"बघा सर!" मॅडम माझा दंड गदगदा हलवत होत्या. "हे वजन नाही! वजन खाली असते! हे वस्तुमान आडवं धावून राहिलं! थांबवणं किती कठीण आहे बघा!" त्या कोणत्या बाजूने ओरडत होत्या देव जाणे. दिघोरीची पोरगी कोसळली, पण कोसळताना तिचं बोट रेषेला लागलं. तिला दोन गुण मिळाले. आम्ही एका गुणाने हरलो.

मला फार वाईट वाटलं. खरं सांगायचं तर मला मॅडमचा रागही आला. पीटी सर तर पाठ फिरवून बसले. 'आपल्या पोरीपुरतं बोला' असं ते म्हणाले होते, आणि तेवढं केलं असतं तर आज नागपूरला आम्ही निघालो असतो. आमची पोरगी मैदानात तशीच बसून होती, दोन्ही गुडघे सोललेले. आणि दोरीखालून वाकून तिचा बाप हेल्मेट हातात घेऊन तिच्याकडे येत होता. संपलं, मी मनाशी म्हणालो. मी पुढे झालो, म्हटलं बापाला दोन शब्द समजुतीचे सांगावे. पण मॅडम माझ्याआधी पोचल्या होत्या.

पोरगी मान खाली घालून म्हणाली, "मॅडम, ते पोरगी नाही होय. ते डोंगर होय. मी पुरा जोर लावला."

"डोंगर कशाची?" मॅडम तिच्यासमोर मातीतच बसल्या. "तू तराजू पाहिला ना? ती तुझ्याएवढीच आहे. दोन बोटं अन् एक वीट, एवढाच फरक. तुझ्याएवढीच, समजलं?"

"मंग माह्याच्यानं काहून थांबली नाही?"

"कारण तू तिला वेग घेतल्यावर धरलं. धावत्या माणसाला थांबवायला जेवढी मेहनत, तेवढीच त्या माणसाला उभ्या जागेवरून धावायला लागते. ती वळली ना, तेव्हा एक क्षण थांबली होती. तेव्हा तिच्याजवळ वेग नव्हता. तेव्हा धरली असती तर तिला तुला घेऊन सुरुवातीपासून निघावं लागलं असतं. नसती निघू शकली!"

पोरीने नाकावरची माती मनगटाने पुसली आणि मैदानाकडे पाहिलं, जिथे ती वळली होती तिथे. बाप तिच्या डोक्याशी उभा राहून सगळं ऐकत होता. मी त्याच्याकडे बघायचं टाळत होतो. थोड्या वेळाने तोच खाली वाकला.

"मॅडम, वळताना धराव तं घोट्यात धराव का गुडघ्यात?"

"घोट्यात. ज्या पायावर ती वळते त्या पायाच्या."

बापाने मान हलवली. मग त्याने हातातलं हेल्मेट पोरीच्या डोक्यावर ठेवलं, तिला काखेत हात घालून उभं केलं आणि तिच्या गुडघ्यांवरची माती आपल्या दुपट्ट्याने झटकत म्हणाला, "आपल्या वरच्या बांधीतला धान कापून झाला, वावर मोकळं आहे. उद्या सकाळी तठी मी धावतो, तू मले वळताना धर. मी तं तिच्याहून जड आहो. मले थांबवलं तं पुढच्या साली तिले थांबवशीलच."